नोट मोडू नका, नटिंगसाहेब

पिट्सबर्ग, नोव्हेंबर 2025

श्री. बॉब नटिंग,
मालक, पिट्सबर्ग पायरेट्स बेसबॉल संघ, यांस



आधी अभिनंदन. तुमच्या पॉल स्कीन्सला या महिन्यात नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार मिळाला. मत देणाऱ्या तीसच्या तीस पत्रकारांनी त्यालाच पहिली पसंती दिली. पोरगा तेवीस वर्षांचा आहे. पिचरला मिळणारा हा सर्वांत मोठा मान पायरेट्सच्या घरात याआधी दोनदाच आला होता, 1960 साली व्हर्न लॉमुळे आणि 1990 साली डग ड्रेबेकमुळे. पस्तीस वर्षांनी घरात पाळणा हलावा तसा आनंद या शहराला झाला. बारशाच्या दिवशीच कुणीतरी पोराच्या सासरची चौकशी करावी, तशी एक भीतीही लगेच मनात आली. हे पत्र त्या भीतीचं आहे.

पत्र मराठीत का, असं तुम्ही विचाराल. इंग्रजीत तुम्हाला लिहिणारे पुष्कळ आहेत. यंदा मैदानात ‘संघ विका’ अशा घोषणा तुम्ही ऐकल्याच असतील. पण मला इंग्रजीत नीट रागावता येत नाही. चौतीस वर्षं या देशात राहून नोकरी इंग्रजीत केली, घरासाठी कर्ज इंग्रजीत काढलं. राग मात्र अजून मराठीतच येतो. शिवाय पुण्याची भावंडं आणि भाचरं दर दिवाळीला फोनवर विचारतात, ‘तुझा तो संघ अजून हरतोच का रे?’ त्यांनाही या निमित्तानं एकदाच काय ते उत्तर मिळेल. तुमच्या घराण्याचा व्यवसायच वर्तमानपत्रांचा, तेव्हा वाचकांच्या पत्रांची तुम्हाला सवय असणार. हे कुणाकडून तरी वाचून घ्या.

भावंडांसाठी थोडा खुलासा करतो. बेसबॉलमध्ये पिचरची पत एका आकड्यावर ठरते: नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या. चारच्या आसपास असेल तर माणूस कामाचा. तीनच्या खाली गेला तर त्याला डोक्यावर घेतात. स्कीन्सचा यंदाचा आकडा 1.97. गेल्या वर्षी, पदार्पणाच्या हंगामात, तो 1.96 होता आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मानही त्यालाच मिळाला होता. यंदा त्यानं 216 फलंदाजांना स्ट्राइकआऊट केलं. एवढं करून त्याच्या नावापुढे जिंकलेले सामने दहा आणि हरलेलेही दहा.

हा चमत्कार कसा झाला ते तुम्हाला माहीत आहे, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. 18 मे रोजी फिलाडेल्फियात त्यानं आपल्या वाट्याच्या आठही इनिंग्ज एकट्यानं टाकल्या आणि एकच धाव दिली. सामना आपण 1–0 असा हरलो. यंदा आपल्या संघानं 162 सामन्यांत 583 धावा केल्या आणि 117 होमरन मारले. तीस संघांत दोन्ही आकडे सर्वांत कमी. म्हणजे एका टोकाला देशातला सर्वोत्तम पिचर आणि दुसऱ्या टोकाला देशातली सर्वांत रोडावलेली फलंदाजी. घरात भीमसेनांचं गाणं ठेवावं आणि तबल्याला बसवावा शेजारचा बंडू, असला प्रकार.

ही या संघाची जुनी खोड आहे, तुमच्याही जन्माआधीची. 26 मे 1959 रोजी मिलवॉकीत आपल्या हार्वी हॅडिक्सनं सलग बारा इनिंग्ज एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर पोहोचू दिलं नाही. छत्तीस आले, छत्तीस परत गेले. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग्ज असं केलं तरी माणूस अमर होतो. हॅडिक्सनं बारा केल्या, पण आपल्या फलंदाजांना तेवढ्या वेळात एक धाव काढता आली नाही. तेराव्या इनिंगमध्ये तो 1–0 असा हरला. इकडची जुनी माणसं हा किस्सा अभिमानानं सांगतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो पोलिसात नोंदवावा असा वाटला होता.

आता नोटेची गोष्ट. माझी आई मला शंभराची नोट देताना बजावायची, ‘मोडू नकोस, मोडली की गेली.’ नोट अख्खी असली की खिशात चार दिवस टिकते. सुट्टे केले की दहाची, पाचाची करत कुठे विरघळते ते कळत नाही, आणि हिशेब मागितला तर प्रत्येक खर्च वाजवी निघतो. पायरेट्सच्या पिचिंगचा गेल्या आठ वर्षांचा इतिहास मला या नोटेसारखा दिसतो.

2011 साली तुम्ही देशभरातल्या पोरांमधून पहिल्या क्रमांकानं गेरिट कोलला निवडलंत. निवड उत्तम होती. 2013, 2014, 2015 अशी लागोपाठ तीन वर्षं आपण प्लेऑफला गेलो, त्यात त्याचा हात मोठा. 2015 साली तर आपण 98 सामने जिंकले होते. जानेवारी 2018 मध्ये तुम्ही त्याला ह्यूस्टनला दिलंत आणि बदल्यात चार जण घेतलेत: जो मस्ग्रोव्ह, कॉलिन मोरन, मायकेल फेलिझ, जेसन मार्टिन. मोठ्या नोटेचे चार सुट्टे. 2019 साली कोलनं ह्यूस्टनसाठी 326 स्ट्राइकआऊट केले, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका खेळला आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क यांकीजनं त्याच्याशी 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. आपल्या चार सुट्ट्यांपैकी वाजणारं नाणं एकच निघालं, मस्ग्रोव्ह. जानेवारी 2021 मध्ये तुम्ही तेही मोडलंत. तीन महिन्यांत, 9 एप्रिलला, त्यानं सॅन दिएगोसाठी त्या संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता अख्खा सामना, टाकला. मी तो दूरदर्शनवर पाहिला आणि टाळ्या वाजवाव्यात की टीव्ही बंद करावा हे नववी इनिंग संपेपर्यंत ठरवू शकलो नाही.

मस्ग्रोव्हच्या बदल्यात जे आले त्यात डेव्हिड बेडनार होता. शेवटच्या इनिंगचा खंदा माणूस आणि अगदी इथला, शहराच्या उत्तरेला मार्स नावाचं गाव आहे तिथला. तो मैदानात धावत यायचा तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहायचं. गेल्या 31 जुलैला तुम्ही त्यालाही यांकीजना दिलंत आणि तीन नवखी पोरं आणलीत. मंगळावरचा माणूससुद्धा आपल्याला राखता आला नाही, साहेब. कोलचा मस्ग्रोव्ह, मस्ग्रोव्हचा बेडनार, बेडनारची तीन पोरं. ती मोठी होतीलही, त्यांना माझा आशीर्वाद आहे. पण 2011 साली खिशात घातलेली नोट आज चिल्लर होऊन खुळखुळते आहे, हे कुणालाही ऐकू येईल.

जुलै 2018 चा सौदा तर मी घरात काढू देत नाही. टॅम्पाच्या ख्रिस आर्चरसाठी तुम्ही टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि वर शेन बाझ दिलात. आर्चरनं दोन हंगामांत आपल्याला सहा सामने जिंकून दिले. 2020 साली टॅम्पा वर्ल्ड सिरीजला पोहोचला, तेव्हा त्यांच्यासाठी पहिला सामना ग्लासनाउनं सुरू केला आणि तिसरा चार्ली मॉर्टननं. मॉर्टन कोण? तोही आपलाच, सात वर्षं इथं राहिलेला. आणि आत्ता, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हातातून निसटत असताना तीन चेंडूंत तो वाचवला कुणी? ग्लासनाउनं. दुसऱ्या दिवशी डॉजर्स जगज्जेते झाले. दर ऑक्टोबरला मी टीव्हीसमोर बसतो आणि माहेरच्या पोरी परक्यांच्या मांडवात ओळखत राहतो.

यावर तुमच्या कार्यालयातली मंडळी म्हणतील, छोट्या शहराच्या संघाला सुट्टे करावेच लागतात. खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. या खेळात पगारांना वरची मर्यादा नाही. लॉस एंजेलिसच्या तिजोरीशी पिट्सबर्गनं झुंज द्यावी असं म्हणणारा माणूस एकतर भोळा, नाहीतर लॉस एंजेलिसचा. 1 डिसेंबर 2026 ला खेळाडू आणि मालकांमधला करार संपतो, तेव्हा हे भांडण होईलच आणि त्यात तुमची बाजू अगदी कमकुवत आहे असं मला वाटत नाही. ब्रायन रेनल्ड्सशी तुम्ही आठ वर्षांचा, 10 कोटींहून जास्त डॉलरचा करार केलात आणि पिचर मिच केलरशी पाच वर्षांचा, 7 कोटी 70 लाखांचा. तेही मी विसरलेलो नाही.

पण मिलवॉकी बघा. बाजारपेठ आपल्याहून लहान. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनीही आपला साय यंग विजेता कॉर्बिन बर्न्स विकला. ते त्या वर्षी गटात पहिले आले आणि यंदा 97 सामने जिंकून तीसही संघांत पहिले. विकणं हे पाप नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. विकून काय घेतलं, घेतलेल्याचं काय केलं आणि लगेच मैदानात काय उतरवलं, हा प्रश्न. यंदा त्यांच्यासाठी तेरा सामने जिंकून केवळ तीन हरणारा पिचर कोण होता? क्विन प्रीस्टर. 2019 साली पहिल्या फेरीत तुम्हीच निवडलेला. 2024 च्या जुलैत तुम्ही त्याला बॉस्टनला देऊन टाकलंत आणि तिथून तो मिलवॉकीला गेला. आपल्या भंगारातून शेजाऱ्यानं मोटार केली आणि तीच रोज आपल्या दारावरून हॉर्न वाजवत जाते.

म्हणून विचारतो, पुढचं काय ठरवलं आहे? पिचर आज आपल्याकडे जेवढे आहेत तेवढे माझ्या चौतीस वर्षांत एकत्र पाहिल्याचं आठवत नाही. स्कीन्स आहे. केलर 2028 पर्यंत आहे. बबा चँडलर आहे, क्लेम्सन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक होण्याचं सोडून तो बेसबॉलकडे आला आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच सामन्यात चार इनिंग्ज एकही धाव न देता टाकून गेला. ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट, माइक बरोज, हंटर बार्को ही रांग आहे. जॅरेड जोन्स पुढच्या हंगामात परत येईल. एवढी गर्दी पाहून तुमच्या हिशेबनिसांना वाटत असेल, थांबू या, सगळी एकदम पिकू देत, 2027, 2028 बघू.

साहेब, पिचरचा हात म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे. तो हापूसच्या पेटीसारखा असतो. पेंढ्यात छान दिसतो, वासही सुटलेला असतो, आणि ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून थांबलात तर पाहुण्यांसमोर उघडताना लाज वाटते.

क्रिकेट पाहणाऱ्या माझ्या भावंडांना हे समजावून सांगावं लागतं. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास सरळ ठेवून चेंडू टाकतो. वेगाचा काही भाग धावण्यातूनही येतो. बेसबॉलचा पिचर दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. रनअप नाही, एकच लांब पाऊल. मग हात कोपरात वाकवून, खांदा मागे इतका पिळून की बघताना आपल्याच अंगावर काटा यावा, तो साधारण 145 ग्रॅमचा चेंडू साडेसाठ फुटांवर फेकतो. स्कीन्सच्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी 98 मैल, म्हणजे 158 किलोमीटरच्या आसपास. बुमराह ज्या वेगानं क्वचित एखादा चेंडू टाकत असेल, त्याच्याही पुढे हा पोरगा दर पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा पुन्हा जातो. हे सगळं ओझं कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर येतं. माणसाचं शरीर घडवताना निसर्गानं हा खेळ विचारात घेतलेला नव्हता.

1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या कोपरातलं हे तुटलेलं लिगामेंट बदललं. हाताचाच एक स्नायूबंध काढून हाडांना भोकं पाडून त्यांत ओवला. टॉमी जॉन त्यानंतर 1989 पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज पिचरच्या आयुष्यात ती दाढ काढण्याइतकी नेहमीची झाली आहे, फरक एवढाच की दाढेनंतर वर्ष-दीड वर्ष घरी बसावं लागत नाही. आपल्याच आजी-माजी पिचरांची यादी करतो. मॉर्टन, 2012. टायोन, 2014 आणि पुन्हा 2019. ॲशक्राफ्ट, 2021. ग्लासनाउ, आपल्याला सोडून गेल्यावर, 2021. बरोज आणि ओव्हिएडो, 2023. मस्ग्रोव्ह, 2024. कोल, यंदाच्या मार्चमध्ये. जोन्सचं कोपर यंदाच्या मे महिन्यात उघडावं लागलं, आणि आदल्या वर्षी त्याला व स्कीन्सला एकापाठोपाठ पाहून आम्ही पुढच्या दहा ऑक्टोबरांची स्वप्नं रंगवली होती. मेजर लीगनं गेल्या डिसेंबरात पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यातही बोट वेगाकडे आणि प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकण्याकडेच होतं. वेग कमी कर, असं स्कीन्सला सांगा म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही, कारण तोच त्याचा धंदा आहे. पण ज्या माणसाचं हत्यार कधीही मोडू शकतं, त्याच्या ऐन भरातली चार वर्षं ‘तयारी’ म्हणून घालवायची नसतात.

या कोपराच्या कथेत आपला एक भारतीयही आहे, आणि तोही तुमच्याच दारात. 2008 च्या सुरुवातीला भारतभर चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. तिची अंतिम फेरी मुंबईत होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं जिंकली. बेसबॉल त्यांनी त्याआधी हातात धरलेला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना करार दिला तो पायरेट्सनं. त्यावर पुढे डिस्नेनं सिनेमाही काढला. करार झाल्यानंतरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत हा विषय मोदकांपेक्षा जास्त चालला होता. एक जोशी तर पैज मारून बसले होते की पाच वर्षांत आपल्या पीएनसी पार्क मैदानावर हिंदीतून शिव्या ऐकू येतील. दिनेशला 2010 च्या अखेरीला मोकळं केलं गेलं. रिंकू खालच्या लीगमध्ये पायऱ्या चढत होता, बरा टाकत होता, आणि 2013 मध्ये त्याच्याही कोपरावर तीच शस्त्रक्रिया झाली. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून उभा राहिला. अनोळखी हातांवर डाव लावायची हिंमत या संघात होती, हे मला त्या वेळी आवडलं होतं. अजून आवडतं. ज्यांनी भालाफेक्यांवर पैसे लावले, त्यांना साय यंगवाल्यावर लावायला भीती का वाटावी?

पैशांचंच बोलायचं तर आकडे मांडतो. 2025 साली स्कीन्सचा पगार होता पावणेनऊ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानं पावणेआठ कोटी रुपये. शिवाय मेजर लीगच्या सामाईक निधीतून बक्षीस मिळतं ते वेगळं. मुंबईच्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. आयपीएलमध्ये ऋषभ पंतला दोन महिन्यांचे 27 कोटी मिळतात, म्हणाला. इथं पोरगा सहा वर्षं बांधलेला असतो, पहिली तीन तर जवळपास किमान पगारावर. नवोदिताचा पुरस्कार मिळाल्यामुळे स्कीन्सचं पहिलं अर्धवट वर्ष पूर्ण धरलं गेलं, म्हणून 2029 चा हंगाम संपला की तो मोकळा. उरले चार उन्हाळे. त्यातला यंदासारखा एक जरी वाया गेला तर चौथाई गेली. आणि तुमची जुनी रीत पाहता, मोकळं व्हायला दोन वर्षं उरली की नोट मोडायची, म्हणजे 2027 च्या हिवाळ्यात फोन सुरू होणार. कोलचंही तसंच झालं होतं, दोन वर्षं शिल्लक असतानाच.

या पोरानं आधी दोन वर्षं कोलोरॅडोच्या हवाई दलाच्या अकादमीत काढली. वैमानिक व्हायचं होतं त्याला. तिथून लुइझियाना स्टेटला जाऊन कॉलेजची वर्ल्ड सिरीज जिंकली. शिस्तीचा आहे, तक्रार करत नाही, हरल्यावर फलंदाजांकडे बोट दाखवताना मी त्याला पाहिलेलं नाही. असा मुलगा घरात गप्प असला की आई-बापांनी जास्त लक्ष द्यायचं असतं.

जुलै 2024 मध्ये मिलवॉकीला त्यानं सात इनिंग्ज एकही हिट दिला नव्हता. 99 चेंडू झाले होते, तेव्हाच्या व्यवस्थापकानं त्याला बाहेर काढलं. सगळं शहर चिडलं होतं, मी मात्र त्या निर्णयाच्या बाजूनं होतो आणि त्यापायी घरात एक दिवस एकटा पडलो. हात जपायला माझा विरोध नाही. पण एका संध्याकाळी त्याचा हात जपायचा आणि अख्खा हंगाम त्याच्यामागे 583 धावांचा संघ उभा करायचा, यात मला संगती लागत नाही. 1–0 च्या सामन्यात पिचर प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो, कारण चूक करायला जागाच नसते. सहा धावांची आघाडी असली तर तो जरा श्वास घेतो. फलंदाजी हे पिचरच्या कोपराचं औषधपाणी आहे, एवढं तुमच्या हिशेबनिसांना कळवा.

या हिवाळ्यात तुम्हाला फोन येतील: आम्ही बॅट देतो, तुम्ही हात द्या. देऊ नका असं म्हणणं सोपं आहे, पण मी ते म्हणणार नाही. सहा-सात तरुण पिचर आहेत, एखादा जाऊ शकतो. माझं एवढंच म्हणणं की बदल्यात उद्याची आशा घेऊ नका. ज्यानं मेजर लीगमध्ये होमरन मारून दाखवले आहेत आणि जो एप्रिलच्या पहिल्या सामन्यात मैदानात उतरू शकतो, असा माणूस घ्या. आणि बाजारातूनही घ्या. 2016 च्या डिसेंबरात इव्हान नोव्हाशी केलेल्या करारानंतर तुम्ही एकाही मोकळ्या खेळाडूला एका वर्षाहून जास्त काळासाठी करारबद्ध केलेलं नाही. नऊ वर्षं. आमच्याकडे भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांच्या करारानं ठेवतात आणि दर वर्षी नवा करतात, पण त्याला कुणी कुटुंब म्हणत नाही.

आणि स्कीन्सशी आत्ता बोला. तो नाही म्हणेल, कदाचित. त्याचे सल्लागार त्याला थांबायला सांगतील, आणि त्यांचंही बरोबर असेल. पण विचारून नकार मिळणं वेगळं आणि न विचारताच ‘परवडत नाही’ म्हणणं वेगळं. तुम्ही त्याच्यापुढे खराखुरा आकडा ठेवलात आणि त्यानं मान हलवली, तर हे शहर त्याला दोष देईल, तुम्हाला नाही. साध्या व्यवहाराचं सांगतोय.

मी या गावात आलो 1991 च्या शरदात. पुढच्या वर्षी 14 ऑक्टोबरच्या रात्री, ऑफिसातल्या एकाच्या घरी, खेळ धड कळत नसताना मी अटलांटातला सातवा, निर्णायक सामना पाहिला. डग ड्रेबेकनं आठ इनिंग्ज एकही धाव दिली नव्हती. आपण 2–0 नं पुढे होतो, तीन माणसं बाद केली की वर्ल्ड सिरीज. नवव्या इनिंगमध्ये सगळं कोसळलं, 3–2. ज्याच्या घरी बसलो होतो तो सहा फुटी माणूस स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागला, कुणाशी न बोलता, आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिला. त्या रात्री मी पायरेट्सचा झालो. दोन महिन्यांच्या आत ड्रेबेक ह्यूस्टनला गेला. बॅरी बाँड्सही गेला. नंतरची वीस वर्षं, 1993 ते 2012, एकाही हंगामात आपण जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात असं कुठल्याच संघाचं झालेलं नाही. आधीच्या साय यंग विजेत्यानंतर काय झालं हे मला कुणी पुस्तकातून सांगायला नको, त्या वीस वर्षांत माझे केस पांढरे झाले.

तक्रारच असती तर मी कधीच दुसरा संघ धरला असता. अजून उन्हाळ्यात संध्याकाळी मी क्लेमेंटे पुलावरून चालत येतो. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो, पाण्यावरून वारा येतो, खिशात भडंगाची पुडी असते. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलं की नदीपलीकडे गावातल्या इमारतींवर दिवे लागताना दिसतात. मी मुंबई-पुण्यात पाहिलेल्या कुठल्याही स्टेडियमपेक्षा, आणि हे लिहिताना ब्रेबॉर्नची क्षमा मागतो, हे मैदान देखणं आहे. उजवीकडची भिंत, ज्याच्या नावाचा तो पूल आहे त्या आपल्या जुन्या दिग्गज क्लेमेंटेच्या क्रमांकासाठी 21 फूट उंच ठेवली आहे. यंदा एप्रिलात तिथलं त्याचं ‘21’ काढून तुम्ही दारूची जाहिरात लावलीत, लोक खवळले आणि तुम्ही माफी मागून ते परत लावलंत. म्हणजे ऐकता येतं तुम्हाला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवणं तुमच्या हाती.

आपला,
तिसऱ्या बेसच्या बाजूचा एक मराठी प्रेक्षक

ता. क. : आमच्या कपाटात 45 क्रमांकाचा शर्ट आहे, कोलचा. 51 चा आहे, बेडनारचा. दोन्ही आता घरी रंगकाम असलं की वापरतो. नऊ वर्षांच्या नातीला वाढदिवसाला स्कीन्सचा 30 क्रमांकाचा शर्ट हवा आहे. आमच्याकडे मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घेतात, चार वर्षं तरी अंगात यायला हवेत. दुकानदार विचारतो, मापाचा देऊ की दोन साइझ मोठा? त्याला अजून काही सांगितलेलं नाही.